सरदारांचा वंशवृक्ष आणि ताईचा फॉर्म

नऊ वर्षांपूर्वी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघाला. त्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या नावापुढे 'विवाहानंतरची माहिती मिळाली नाही' असं छापलं आहे. माहिती मिळाली होती. मलाच मिळाली होती. आमच्या शाखेची माहिती जमवायचं काम माझ्याकडे होतं, आणि ताईचा भरलेला फॉर्म पुण्याहून टपालाने इथे जर्मनीत, माझ्या पत्त्यावर, वेळेत आला होता. ताई आजवर समजत होती की तो वाटेत गहाळ झाला. "पोस्टाने खाल्लं रे मला," असं म्हणून ती हसायची, आणि नऊ वर्षं मीही तिच्याबरोबर हसत आलो.

तिला खरं सांगायचं की नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे. पण माझ्यावर ती वेळ आणली स्कॉटलंडच्या एका सरदार घराण्याने, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करतो. शिवाय त्यांच्याबद्दल वाईट बोलणं मला सोपं जातं.

मी हेर्त्सोगेनआउराखला राहतो. गाव एवढंसं, कंपन्या अवाढव्य. त्यांतल्या एकीत मी अठरा वर्षं यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं करतोय. घर भाड्याचं आहे आणि मालक खालच्या मजल्यावर राहतात. ते दातांचे डॉक्टर होते. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपणच बोलत राहायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. निवृत्त होऊन वर्ष झालं असेल नसेल, तोच आपण मूळचे स्कॉटिश असल्याचा त्यांना शोध लागला. कुठल्याशा खेड्यातल्या चर्चच्या जुन्या नोंदवहीत त्यांच्या एका पूर्वजापुढे 'परदेशी शिपाई' असं लिहिलेलं सापडलं. परदेश कुठलाही असू शकतो. पोलंड असू शकतो. पण पोलंडचं निघालं असतं तर चौकटीचा घागरा, म्हणजे किल्ट, घालून बाजारातून फिरता आलं नसतं. म्हणून स्कॉटलंड.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात एकेका खोऱ्यावर एकेक सरदार घराणं राज्य करी. मालकांनी त्यातलं एक पसंत केलं. त्याचं नाव मी देत नाही. तशी पाच-पन्नास आहेत आणि नावं बदलली तर इतिहास एकमेकांना चालून जातील. त्या घराण्याचं आडनाव लावणारे, त्याच्या जमिनीवर राबणारे आणि त्याच्यासाठी मरणारे, हे सगळे मिळून जे होतं त्याला क्लान म्हणतात. मुख्य पुरुष तो चीफ. जर्मनीतल्या त्याच्या भक्तांनी रीतसर फेराइन, म्हणजे नोंदणी केलेलं मंडळ काढलं आहे. त्याला घटना आहे, कार्यकारिणी आहे, सभेचं इतिवृत्त आहे. यांचे पूर्वज म्हणे शेजारच्या खोऱ्यातली गुरं तलवारीच्या जोरावर हाकून आणत. हे बॅगपाइप वाजवायचे तर नगरपालिकेची लेखी परवानगी काढतात, आणि दुपारी एक ते तीन वाजवत नाहीत, कारण ती इथे शांततेची वेळ.

हे सगळं मला मनापासून हास्यास्पद वाटत होतं. तरी मी त्यात सापडलो, आणि त्याला कारण माझी जीभ.

एकदा मालकांनी वर येऊन कॉफी घेतली. सोबत क्लानचा वंशवृक्ष आणला होता, हाताने काढलेला, चिकटपट्ट्या लावलेला. तो कॉम्प्युटरवर नीट काढून हवा होता. चीफ स्वतः उन्हाळ्याच्या मेळाव्याला येणार होते.

"तुम्ही भारतीय," मालक म्हणाले. "तुम्हाला रक्ताचं महत्त्व सांगावं लागत नाही."

या वाक्यावर कोणाही शहाण्या माणसाने कप खाली ठेवला असता. मी काय केलं? मी म्हणालो, "गेनाऊ, अगदी बरोबर." आणि पुढे सांगितलं की आम्हीही तसे साधे नव्हे, कोकणात आमची खोती होती, म्हणजे गावंच्या गावं आमच्याकडे होती, आणि आमच्या घराण्याचासुद्धा छापील इतिहास आहे, आणि त्यातला एक भाग माझ्या हातचा आहे.

"आल्झो, असं होय!" मालकांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "म्हणजे तुम्ही आमच्यातलेच!"

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "अहो, खोती कधी गेली? तुमच्या जन्माच्या आधी ना? मग मघाशी एवढं कोण बोलत होतं?"

पुस्तक मालकांनीच दिलं. जाडजूड, त्या घराण्याने स्वखर्चाने छापलेलं. मी ते सकाळच्या चहाला, जेवणाच्या सुट्टीत, असं महिनाभर वाचलं. सगळं सांगत नाही, सारांश सांगतो. मूळ पुरुष गुरं चोरायचा. त्याचा मुलगा जास्त गुरं चोरायचा, म्हणून राजाने त्याला जमीन देऊन गप्प केलं. या प्रसंगाला पुस्तकात 'राजसेवेचा आरंभ' म्हटलं आहे. पुढच्याने शेजारच्या चीफला मेजवानीला बोलावून मारलं आणि त्याच्या विधवेशी लग्न लावलं. याला 'दोन घराण्यांचा संयोग'. मग राजगादीसाठी लढाया सुरू झाल्या. त्यात बाप एका पक्षाकडून लढला आणि थोरला मुलगा दुसऱ्या पक्षाकडून. लेखक म्हणतो, केवढा हा तत्त्वांचा संघर्ष! कसला संघर्ष? दोघांनी बसून ठरवलेलं होतं. कोणीही जिंको, जमीन घरातच. मुलाचा पक्ष हरला, मुलगा फ्रान्सला पळाला, बापाने नव्या राजापुढे डोळे पुसले आणि जमीन राखली. मेली ती कुळं, कारण त्यांना बापाने एकीकडून आणि मुलाने दुसरीकडून उभं केलं होतं, समोरासमोर.

इथवर मी मजेत वाचत होतो. आपल्याकडे असं नाही, असं मनात म्हणतही होतो. पुढे मेंढ्या आल्या.

एका चीफला लंडनला मोठं घर हवं होतं. खोऱ्यातली माणसं जेवढा खंड देत त्यापेक्षा मेंढ्यांची लोकर जास्त देई. ती माणसं परकी नव्हती. एका जुन्या चीफच्या चौथ्या मुलाच्या वंशातली, त्याच आडनावाची, चुलतेच म्हणायचे. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन शेतकरी झालेली. चीफच्या कारभाऱ्याने घराघराची छपराची लाकडं उतरवली, कारण छप्पर नसलं की माणूस परत येत नाही, आणि सगळ्यांना कॅनडाच्या जहाजात बसवलं. पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टात त्या कारभाऱ्याने धन्याला पाठवलेली यादी दिली आहे, कामाचा चोखपणा दिसावा म्हणून. कुटुंबप्रमुख, बायको, मुलं, वयं. दीड पान. आणि त्याच पुस्तकातल्या वंशवृक्षात चौथ्या मुलाच्या फांदीखाली एकच शब्द: निर्वंश.

जहाजात चढलेली माणसं, नावा-वयांसकट, आणि निर्वंश.

मी इमानदार इंजिनिअर असल्यासारखा मालकांकडे गेलो. म्हटलं, इथे विसंगती आहे, झाडात एक आणि परिशिष्टात एक.

मालकांनी चष्मा काढला. "ते मला ठाऊक आहे. त्या फांदीतले काही लोक गेल्या मेळाव्याला कॅनडाहून आले होते. तमाशा झाला. म्हणाले, आम्ही जिवंत उभे आहोत आणि तुम्ही निर्वंश लिहिता?"

"मग त्यांची नावं घालू या. यादी आहेच."

"नको, नको. नावं घातली की ते कसे गेले तेही येतं. चीफना ते... अडचणीचं आहे. पण निर्वंशही लिहिता येत नाही. काहीतरी मधलं हवं. कोणाला खोटं म्हणता येणार नाही असं."

मी उत्तर द्यायला तीन सेकंदही घेतले नसतील. म्हणालो, "काइने आंगाबेन लिहा. माहिती उपलब्ध नाही."

त्यांचा चेहरा असा उजळला, जणू मी त्यांचाच एखादा दात न दुखवता काढला. "परफेक्ट! तुम्हाला हे कसं सुचलं?"

कसं सुचलं ते मी सांगितलं नाही. ड्रॉइंग पूर्ण केलं. तीन मीटर लांब, रेषा एका जाडीच्या, अक्षरं एका उंचीची. चौथ्या फांदीखाली माझे दोन शब्द. कार्यकारिणीने ते एकमताने मंजूर केल्याची नोंद इतिवृत्तात आहे.

मेळावा जूनमधल्या एका शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर भरला. ताईची मुलगी बर्लिनला पीएचडी करते, ती दोन दिवस आमच्याकडे आली होती. तिला म्हटलं चल, गंमत बघ. गंमत होतीच. पोटं सुटलेले हिशेबनीस आणि विमा एजंट घागऱ्यात उभे राहून ओंडके फेकत होते, हा म्हणे स्कॉटलंडचा खेळ. एकाचा ओंडका सरळ उभा पडून उलटला, तेव्हा त्याची बायको ओरडली, "बास आता, पाठीचं कोण बघणार?" बॅगपाइप वाजवणारे अग्निशमन दलाच्या बँडमधून उसने आणलेले. आणि चीफ! मी मनात कोणी तरी धिप्पाड दाढीवाला धरला होता. निघाला एक बारकासा, सर्दी झालेला गृहस्थ, एका हातात ब्राटवुर्स्ट, म्हणजे भाजलेलं सॉसेज, आणि दुसऱ्यात रुमाल. वाड्याचा अर्धा भाग त्याने पर्यटकांना उघडा केला आहे, आणि तिकिटाच्या खिडकीवर हिवाळ्यात तोच बसतो, असं मालकांनी मला भक्तिभावाने सांगितलं. भेटेल त्याला तो "कझिन!" म्हणत होता. खऱ्या कझिनांच्या पूर्वजांची छपरं याच्या पूर्वजाने उतरवली. बरं, जमलेल्यांतला एकही खरा कझिन नव्हता, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नव्हतं. खरे कॅनडात होते.

क्लबच्या भिंतीवर माझा वंशवृक्ष लावला होता. भाची त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मी कौतुकाची वाट बघत मागे.

"मामा, ही चौथी फांदी. काइने आंगाबेन?"

"हं."

"पण नावं आहेत की. तुझ्याकडच्या त्या पुस्तकात, मागे. मी सकाळी नाश्त्याला चाळत होते. मुलांची वयंसुद्धा आहेत."

"चीफना नको होतं."

"आणि तू लिहिलंस?"

"मी नुसतं ड्रॉइंग केलं ग. मजकूर मंडळाचा."

ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे तिच्या वडिलांचे आहेत, आणि ते मोजणी खात्यात होते. समोरच्या जागेत किती फूट कमी आहे ते बघूनच सांगायचे. "आईचा फॉर्म खरंच पोस्टात हरवला होता?"

"हो," मी म्हणालो.

प्रश्न संपायच्या आत म्हणालो. तेवढ्यात चीफ रुमाल सावरत आला आणि तिच्यापुढे हात करून म्हणाला, "कझिन! तुम्ही कुठल्या शाखेच्या?"

"मी कुळांच्या बाजूची," ती इंग्रजीत म्हणाली. चीफ मनापासून हसला. त्याला ती विनोदी वाटली.

रविवारी दुपारच्या गाडीने ती बर्लिनला गेली. शेजारच्या गावच्या स्टेशनवर तिने मला नेहमीसारखा नमस्कार केला आणि लगेच डब्यात चढली. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तिला कळलंय. ती आईला सांगेल, आज ना उद्या. तिच्या आधी तुम्ही सांगा. निदान एवढं तरी स्वतःच्या तोंडाने करा." बायकोला सुरुवातीपासून माहीत होतं. तिने नऊ वर्षांत मला एकदाही बोलून दाखवलं नव्हतं, आणि मी त्याचा अर्थ तिला पटलं असा लावून घेतला होता.

मी ताईला फोन लावला. पुण्यात संध्याकाळचे सहा वाजले असतील. ती भाजी निवडत होती.

आता वाचकाला जे सांगतो ते तिला सांगितलं त्यापेक्षा जास्त आहे, कारण यातलं बरंचसं तिला माहीतच होतं. ताईने ज्याच्याशी लग्न केलं त्याचे आजोबा आमच्या खोतीतलं कूळ होते. आमच्या बांधावर राबायचे, पहिला फणस आमच्या ओटीवर आणून ठेवायचे, आमच्या घरच्या लग्नात फुकट लाकडं फोडायचे. लग्नानंतर घरात ताईचं नाव कोणी घेत नसे असं नाही. घेत, पण आवाज उतरवून, एखाद्या दुखण्याचं घ्यावं तसं. कुलवृत्तांताच्या फॉर्मवर शेवटी 'विशेष माहिती' असा रकाना होता. लोकांनी त्यात पदव्या, पदकं, परदेशवाऱ्या लिहिल्या. मी माझं जर्मनी लिहिलं. मेहुण्यांनी तिथे स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'आजोबा याच घराण्याच्या जमिनीचे कूळ होते.' बास. ना राग, ना टोमणा. मोजणीचा माणूस, हद्द जिथे होती तिथे दाखवली.

ते वाक्य छापायचं आमच्यात धैर्य नव्हतं. चीफकडे परिशिष्ट तरी होतं.

काका संपादक होते. त्यांना मी फोनवर ते वाक्य वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुझी बहीण आहे. तू ठरव." एवढंच. मी बायकोला, स्वतःला पुढे सांगत आलो की काकांचा दबाव होता. दबाव कसला? त्यांनी सगळं माझ्यावर सोडलं, आणि मी तेच ठरवलं जे मला सोयीचं होतं. पुढल्या वर्षी मला गावी घराण्याच्या संमेलनात सत्कार घ्यायचा होता, शाल घ्यायची होती, पहिल्या रांगेत बसायचं होतं. तो सत्कार झाला. शाल कपाटात आहे.

फोनवर ताईला म्हणालो, "ताई, फॉर्म हरवला नव्हता. मला मिळाला होता. काका म्हणाले, तू ठरव, आणि मी पाठवला नाही."

भाजी निवडण्याचा आवाज थांबला.

"कुठाय मग?"

"टाकला."

"टाकला म्हणजे?"

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. सामानात आहे, शोधतो, असं. ते ओठावर आलं होतं. "फाडला. कागदांच्या डब्यात टाकला."

"त्याला फोटो लावला होता आम्ही. तिघांचा."

"हो."

"तोही कागदांच्यात?"

"नाही." इथल्या माणसालाच हे असं सांगावं लागेल. "फोटोचा कागद चालत नाही त्या डब्यात. तो सोडवून दुसऱ्या डब्यात टाकला."

आजही मला त्या कृत्यातलं हेच सगळ्यांत किळसवाणं वाटतं. बहिणीचं नाव पुसताना मी दोनदा विचार केला नाही, पण कचऱ्याचं वर्गीकरण चुकू नये म्हणून मी टाचणी नखाने काढली, मेहुण्यांच्या खांद्यावर भोक पडलं ते बघितलं, आणि फोटो बाजूला केला. चार वर्षांपूर्वी मेहुणे गेले.

ताई रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि ते बहुतेक तिला कळलं.

"त्यांनी किती दिवस विचारलं होतं मला," ती म्हणाली. "पुस्तक आलं का, पुस्तक आलं का. आलं तेव्हा त्यांनी आपलं पान काढून वाचलं. म्हणाले, पोस्टाचं काही खरं नाही. मी म्हटलं हो."

"ताई, मी पुरवणी काढतो. नवीन आवृत्तीत सगळं..."

"गप रे. मला तुमच्या पुस्तकात यायचं नाहीये." तिचा आवाज एकदम आमच्या आईचा झाला. "तुमचा तो घराण्याचा ग्रुप आहे ना फोनवर? रोज फुलं पाठवता ती? मला आधी त्यात घे. मग तिथे लिही, काय केलंस ते. मी असताना लिही."

ग्रुप चालवणाऱ्यांत मी एक आहे. संपादक मंडळात होतो म्हणून मान मिळालेला. नऊ वर्षांत ताईला त्यात घ्यायचं मला, किंवा दुसऱ्या कोणाला, सुचलं नव्हतं. तिचा नंबर घातला. लोकांना वाटलं असेल चुकून घातला. दोघांनी हात जोडलेले पाठवले.

मग लिहायला बसलो. मी आयुष्यभर अचूक लिहिण्यासाठी पगार घेतो, पण त्या चार ओळींना दीड तास लागला. शेवटी असं पाठवलं: 'माझ्या बहिणीने कुलवृत्तांताचा फॉर्म वेळेत भरून पाठवला होता. तिचे यजमान आपल्या खोतीतल्या कुळाच्या घरातले होते आणि त्यांनी ते फॉर्मवर लिहिलं होतं. त्या वेळी काकांच्या दबावाखाली मी तो फॉर्म नष्ट केला आणि माहिती मिळाली नाही असं छापू दिलं. मी तिची आणि तिच्या मुलीची जाहीर माफी मागतो.'

बायकोने वाचलं आणि फोन परत माझ्या हातात दिला.

ग्रुपवर शंभरच्या वर माणसं आहेत. एकेक करून सगळ्यांनी वाचल्याची खूण येत गेली. उत्तर कोणाचंच नाही. एरवी कोणाच्या नातवाला पहिला दात आला तरी तीस जण टाळ्या वाजवतात. एक चुलतभाऊ ग्रुप सोडून गेला. त्याला तेवढं उत्तर पुरेसं वाटलं असावं. दुसऱ्या एकाने, माझ्या मजकुराच्या लगेच खाली, गुडघेदुखीवरचा एक उपाय पाठवला.

ताईचा फोन आला.

"वाचलं. सगळं बरोबर आहे. एक चुकलंय."

"काय?"

"'काकांच्या दबावाखाली.' तुला कोणी दाबलं होतं? ते मघाशी तूच म्हणालास ना, तू ठरव म्हणाले?"

मी ग्रुपवरचा मजकूर पुन्हा उघडला.

"ते काढ. काका गेले, त्यांना कशाला आणतोस मध्ये? अजून दुरुस्त करता येतं, मुलीने मला सांगितलंय. काढ, मी थांबते."

ती फोनवर थांबली. मागे तिच्या घरातला पंखा ऐकू येत होता. मी ते दोन शब्द काढले आणि तिला सांगितलं की काढले. तिने वाचून खात्री केली, "हं," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याला तीन आठवडे झाले. ताई ग्रुपमध्ये आहे, बोलत नाही. माझ्याशीही नाही.